दोन चमच्यांचा होकार

दिवाळी अंकासाठी आहारतज्ज्ञ बाईकडं लेख मागणाऱ्या संपादकांच्या मनात काय असतं, ते मला पाठ झालंय. चकलीत उष्मांक किती, करंजी तळावी की भाजावी, आणि शेवटी ‘फराळ करा, पण बेतानं’. असे सात-आठ लेख मी लिहिलेत आणि लिहून झाल्यावर स्वतः चार चकल्या खाल्ल्यात. यंदा मी निवृत्त झाले. आता बेतानं लिहायचं कारण उरलेलं नाही, म्हणून जे इतकी वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

कोल्हापुरातल्या एका खासगी इस्पितळात मी सव्वीस वर्षं होते. त्यातली शेवटची बारा वर्षं वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागात. लोक त्याला ‘बारीक व्हायचं ऑपरेशन’ म्हणायचे. यात जठराचा बराचसा भाग बाजूला टाकून देवापुढच्या नैवेद्याच्या वाटीएवढीच जागा ठेवतात आणि ती वाटी थेट पुढच्या आतड्याला जोडतात. माणूस चार घासांत भरतो. ऑपरेशन आमचे सर्जन, म्हणजे सर, करायचे, दोन-तीन तासांचं काम. त्याच्या आधी तीन महिने आणि नंतर जन्मभर पेशंट माझ्या गळ्यात. आधी प्रथिनं, मग भाजी, भात शेवटी. जेवताना पाणी नाही. पाणी घोट घोट. गोड खाल्लं तर छातीत धडधडेल, घाम फुटेल. गोळ्या जन्मभर. हे सगळं कोल्हापूरच्या माणसाला सांगायचं, जिथं पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढलं नाही तर तो रुसतो. एका माजी पैलवानाला मी पहिल्या आठवड्याचा आहार म्हणून डाळीचं पाणी चार चमचे सांगितलं, तर तो म्हणाला, “मॅडम, एवढं तर मी चव बघताना पितोय.” मीही तोंडाळ. म्हटलं, आता चव बघा आणि उठा.

या कामाचा मला अभिमान होता आणि आजही आहे. दोन जिने चढायला बसून बसून वेळ लावणारी माणसं वर्षभरानं जोतिबाचा डोंगर चढून प्रसाद घेऊन यायची. इन्सुलिन सुटायचं. झोपेतलं घोरणं थांबलं म्हणून एका बाईनं मला साडी दिली, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल.

प्रत्येक पेशंटचा चार पानी कागद मी भरायची. त्यात ‘सवयी’ असा एक भाग होता. तंबाखू, मिश्री, दारू. आमच्याकडं पेशंट एकटा कधी येत नाही. जीप भरून येते. पेशंट एक आणि खुर्च्या पाच. सासऱ्यासमोर जावयाला दारूचं विचारलं तर तो काय सांगणार? म्हणून पुरुष पेशंट असला की मी नातेवाइकांना काहीतरी निमित्त काढून काउंटरवर पाठवायची आणि दार लोटून विचारायची. खरं उत्तर यायचं. या युक्तीचं सर फार कौतुक करायचे.

बायकांच्या कागदावर मात्र तो रकाना मी न विचारताच ‘नाही’ असा भरत असे. सुरुवातीला एकदा एका मुख्याध्यापकांच्या पत्नीला विचारलं होतं, तर मुख्याध्यापक खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, आम्ही तसल्या घरातले नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून विचारणं सोडलं. विशेषतः चांगल्या घरातली बाई असली की नाहीच. चांगलं घर कुठलं, हे तेव्हा मला अगदी छान कळत होतं.

या ऑपरेशनचा आणि दारूचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध सरळ आहे. दारू जठरात थोडा वेळ थांबते, काही तिथंच मोडते, बाकीची हळूहळू पुढं जाते. वाटीएवढ्या जठरात ती थांबतच नाही. घोट घेतला की थेट आतड्यात आणि तिथून रक्तात. जी नशा तिघा जणांच्या वाटची असायची ती एकाच घोटात येते. हे झालं शरीराचं. दुसरी गोष्ट अशी की काही माणसं भुकेनं खात नाहीत. जीव जड झाला की खातात. ऑपरेशननं त्यांचं खाणं बंद होतं, जीव जड व्हायचा तो होतोच. मग तोंडाला दुसरं काहीतरी लागतं. आणि हे पहिल्या वर्षात दिसत नाही. पहिलं वर्ष कौतुकाचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कौतुक संपतं, पेशंट तपासणीला यायचा बंद होतो आणि तेव्हा आगीतून निघून फुफाट्यात पडलेला माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. आमचे सर पेशंटना सांगायचे, वर्षभर दारूला शिवू नका. लोक त्याचा अर्थ वर्षानंतर चालते असा घ्यायचे. मीही तो अर्थ कधी खोडून काढला नाही.

मुरगूडचे श्रीपतराव हे माझ्या डोक्यातले धोक्याचे पेशंट. शेती अवजारांचं दुकान, आवाज तालमीतला, आणि दार लोटून विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजून आठवड्याचा हिशेब दिला होता. मी त्यांना इतकं झापलं की ते म्हणाले, “मॅडम, आमची आयबी असं बोलत न्हाय.” दीड वर्षानं त्यांच्या मालकिणीचा फोन आला. अर्धा ग्लास घेऊन हे मोटरसायकलसकट उसात गेले होते. उसानं झेललं म्हणून वाचले. मला म्हणाले, पूर्वी एवढ्यानं जीभसुद्धा ओली व्हायची न्हाय. पण त्यांच्यावर सगळ्यांचे डोळे होते. मालकीण, भाऊ, तालमीतले मित्र, मी. सगळ्यांनी मिळून त्यांना उपचाराला नेलं, सहा महिने एकटं सोडलं नाही. आज ते गूळ घेऊन येतात आणि मला तो खाऊ देत नाहीत, म्हणतात तुमचंच ऐकून सांगतोय. सुटले ते. जिची मला काडीची काळजी नव्हती, तिची आता गोष्ट.

तिला त्रिशला म्हणते. शिरोळ तालुक्यातलं जैन शेतकरी घर, ऊस, दोन ट्रॅक्टर, माणसं दहा-बारा. वय अडतीस, वजन एकशे अठरा किलो, साखर वाढलेली. पहिल्या भेटीला नवरा भूपाल आणि सासू आक्का बरोबर होत्या. घरात कांदा-लसूण नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, चातुर्मासात तर पालेभाजीही नाही. मी मनात म्हटलं, अशी शिस्तीची माणसं म्हणजे मला सुट्टीच. ‘सवयी’च्या भागात तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहून पान उलटलं.

त्रिशला बोलकी होती. दुपारी घर निजलं की स्वयंपाकघरात उभ्यानं खायची, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, जे हाताला येईल ते. हे तिनं मला हसत हसत सांगितलं. आमच्याकडं खेड्यातल्या बायकाही मी जातो, मी खातो असंच बोलतात. ती म्हणाली, “भूक नसत्या मॅडम. तरी बी खातो. खाताना डोकं गप बसतंय.” मी ते कागदावर लिहिलंही, ‘भूक नसताना खाणे’. डोकं गप बसवावं असं त्या डोक्यात काय होतं, ते विचारलं नाही. बाहेर आणखी आठ पेशंट बसले होते. आजही मला ते माहीत नाही, आणि आता सांगायला ती नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. दीड वर्षात अठ्ठेचाळीस किलो उतरली, साखरेच्या गोळ्या बंद. आम्ही दरवर्षी पेशंटांचा मेळावा घ्यायचो, त्यात तिनं माईकवर भाषण केलं. जुना ब्लाउज आणला होता, त्यात ती आणि तिची जाऊ दोघी मावतात असं दाखवून सगळ्यांना हसवलं. सरांनी तिचे आधीचे-नंतरचे फोटो भिंतीवर लावले. मी भेटेल त्याला ते फोटो दाखवायची.

त्या मेळाव्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा फोन आला. केस गळतात, अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही. हे त्या सुमाराला होतंच. मी गोळ्या, प्रथिनं, रक्ततपासणी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, आक्कांनी द्राक्षासव आणलंय, म्हणत्यात शक्ती येईल, घेतलं तर चालंल न्हवं? माझ्यासमोर दुसरा पेशंट बसला होता. मी म्हटलं, “आयुर्वेदिक आहे ना? घ्या की. दोन चमचे सकाळी, दोन रात्री, तेवढंच पाणी घालून.”

एवढंच. मिनिटभराचा फोन.

आसव म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. द्राक्षं, गूळ आणि औषधी मडक्यात आंबवतात. त्यात आपोआप मद्य तयार होतं आणि तसं बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. ज्याचं जठर शाबूत आहे त्याला दोन चमच्यांनी काही होत नाही, आपल्या आज्या-पणज्या घेत आल्या. पण मी हे काम करणारी बाई. मद्याचं सोडा, त्यात गूळ असतो म्हणून तरी मी नको म्हणायला हवं होतं. दारू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर श्रीपतराव यायचे. आक्कांच्या देवघरातल्या फडताळातली तपकिरी बाटली कधी आली नाही.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, ते सलग सांगते. दोन चमच्यांनी त्रिशलाला बरं वाटलं. मग चार, मग झाकणं, मग कपानं. घरात कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं, मॅडमनी सांगिटलंय. ज्या बाईनं आपल्या सुनेला माणसात आणलं, तिचा शब्द आक्कांना देवासारखा. त्या स्वतः जयसिंगपूरहून बाटल्यांचा खोका मागवायच्या आणि स्वतःच्या हातानं ओतून द्यायच्या. तेवढं पुरेना झालं तेव्हा त्रिशला दुसऱ्या दुकानातून पाहुण्यांसाठी म्हणून मागवू लागली. तिसऱ्या वर्षी ती दिवसाला तीन बाटल्यांवर होती. ज्या घरात कांद्याची साल कधी सापडली नसती, त्या घरात ती दिवसभर नशेत असायची आणि कुणाच्या मनात तो शब्दसुद्धा आला नाही. दुपारी झोपते, अशक्तपणा आहे. न्हाणीत पडली, अशक्तपणा आहे. मध्येच हसत सुटते, मध्येच रडते. अशक्तपणाच.

त्या तिसऱ्या वर्षात ती एकदा तपासणीला आली होती. पायाला मुंग्या येतात म्हणाली. मी म्हटलं, गोळ्या चुकवल्या असतील, आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. तिच्या तोंडाला गोडसर, आंबूस वास होता. मला वाटलं मनुका खाल्ल्या असतील. रक्ताच्या अहवालात यकृत बिघडलेलं दिसत होतं. सरांनी कागदावरून मान वर करून मला विचारलं, दारूचं काही? मी म्हटलं, “सर, जैन घर आहे.” ते म्हणाले, हो खरंच की. आणि आम्ही दोघं हसलो. ते हसणं मला विसरता येत नाही. खोटं कशाला सांगू, विसरायचा प्रयत्न पुष्कळ केला.

त्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. शिरोळकडची गावं रिकामी करायला लागले, तसं हे कुटुंबही नेसत्या कपड्यांनिशी कोल्हापुरात एका नातेवाइकांकडं आलं. फडताळ, खोके सगळं पाण्यात. तिसऱ्या दिवशी त्रिशलाचे हात थरथरायला लागले. घाम फुटला, झोप उडाली, चादरीवर मुंग्या चालताहेत म्हणून ती झटकत राहिली. तिला आमच्याकडं आणलं. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि भूपालना विचारलं, रोज किती पितात? भूपाल सज्जन माणूस, पण त्या डॉक्टरांची कॉलर धरली. मग मला बोलावणं आलं, कारण या लोकांना मॅडम ओळखतात.

मी तिच्या कॉटजवळ बसले. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, “मॅडम, माझं औषध तेवढं आणून द्या. एक झाकण. मग मी गप पडतो.”

कुठलं औषध, असं मी विचारलं.

“तुमीच दिलेलं की.”

मी सगळं विचारून घेतलं, किती, केव्हापासून. ती लपवत नव्हती, लपवायचं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, पहिल्यांदा घेतलं तेव्हा पोटावरून कुणीतरी मायेनं हात फिरवल्यागत वाटलं होतं. “आदी खाताना समदी टोकायची. हे तर समद्यांनी हातानं दिलं, मॅडम.” मी सरांना सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ आले, उपचार सुरू झाले, आठ दिवसांत हात थांबले, मुंग्या गेल्या. मग त्यांनी भूपालना आणि मला खोलीत बसवून सांगितलं की ही दारूचीच सवय आहे, बाटलीवर नाव काहीही असो. काही महिने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागेल आणि घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

मी चार ठिकाणी फोन केले. चारही ठिकाणी पुरुषच भरती होते, बाईसाठी जागा नव्हती. पाचवं होतं ते पुण्याच्या पलीकडं. भूपाल तयार झाले नाहीत. तिथं कसली माणसं असतात ते मला ठाऊक आहे, म्हणाले. घरी नेतो, एक थेंब मिळू देणार नाही, जबाबदारी माझी. पण आईला आणि घरात काय झालं ते सांगायचं नाही. ते औषध तिला सोसलं नाही, एवढंच सांगायचं. घरी जाताना द्यायच्या कागदावरही अशक्तपणा असं लिहा, म्हणून त्यांनी हात जोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी लहानपणापासून ऐकलं आहे आणि आमच्याही घरात पाळलं आहे. त्यातून ती मूठ उघडली असती तर आत माझाही होकार होता. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, लिहू या सर. आक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, “आक्का, ते द्राक्षासव तिला सोसत नाही, बंद करा.” का सोसत नाही, ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, बरं.

पुढचे पाच महिने चांगले गेले, एवढे चांगले की मला वाटायला लागलं, निभावलं. मी रोज संध्याकाळी फोन करायची. पूर ओसरल्यावर घर धुऊन काढण्यात ती सगळ्यांच्या बरोबरीनं होती. यकृताचा अहवाल सुधारला. भिंतीवरून तिचे फोटो मीच उतरवले होते. ते पुन्हा लावावेत असं एकदा मनात आलं, लावले नाहीत. मग फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्यानं. हिवाळ्यात सर्दी-खोकला, जेवण जात नाही, असं ती म्हणायची. आवाज जड वाटला तर मी सर्दी म्हणून सोडून दिलं. होळीच्या आसपास भूपालचा फोन आला. डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी साठलं होतं.

या वेळी बरं करण्यासारखं फार काही नव्हतं. वाटीएवढ्या जठराच्या माणसाला झपाट्यानं पोसताही येत नाही. ती तीन आठवडे आमच्याकडं होती. मी रोज तिच्यासाठी पेज गाळायची आणि चमच्यानं भरवायची, आणि ती दोन चमच्यांवर मान फिरवायची. भूपाल छातीवर हात ठेवून सांगायचे, घरात एक बाटली नव्हती मॅडम, मी स्वतः फडताळ बघत होतो. मग कुठून? ती सांगण्याच्या अवस्थेत नव्हती. शेवटच्या दिवशी तिनं मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. सकाळी अकराच्या सुमाराला गेली. बेचाळीस वर्षांची होती.

महिन्याभरानं मी शिरोळला गेले. मला माफी मागायची होती. होकार मी दिला होता, रकाना मी न विचारता भरला होता, आक्कांपासून खरं मी लपवलं होतं. हे सगळं कुणाला तरी एकदा तोंडानं सांगावं आणि त्यानं मला काय म्हणायचं ते म्हणावं, शिव्या दिल्या तरी चालतील, अशा विचारानं गेले. बाहेरच्या सोप्यातल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ छातीएवढ्या उंचीवर तशीच होती. भूपालनी खुर्ची दिली. मी बसल्या बसल्या बोलायला सुरुवात केली. त्यांनी मला बरंच बोलू दिलं, मग हात वर केला.

“मॅडम, लोकास्नी आमी ऑपरेशनचं पुढं त्रास झाला म्हणून सांगिटलंय. तुमच्या दवाखान्याचं नाव खराब हुतंय, ते मला कळतंय. पण तुमी म्हणता तसं बोललो तर माझी बायको दारू पिऊन मेली आणि ती माझ्या आयनं पाजली, असं ह्या घरात म्हणाय लागंल. तुमचं मन हलकं हुईल. आमी कुठं जायचं?”

तेवढ्यात आक्का आतून चहा घेऊन आल्या. एका वर्षात वाकल्या होत्या. कप माझ्या हातात देऊन माझ्या शेजारी जमिनीवरच बसल्या, मी उठायला लागले तर खांद्याला धरून बसवलं. म्हणाल्या, लय केलंसा तुमी तिच्यासाठी. पोरगी शेवटपतूर तुमचंच नाव घ्यायची. मग आवाज खाली आणून, चोरून केलेलं पुण्य सांगावं तसं त्यांनी सांगितलं, “थंडीत ती लय गळाली हुती. घास जाईना. सारखं म्हणायची, आक्का, दोन चमचं द्या, बरं वाटतंय. भूपालला पटत न्हवतं ते औषध, म्हणून त्येला न सांगता शेजारणीकडनं आणून देत हुतो. पोरीला दिल्याबगर कसं ऱ्हायचं?”

भूपाल उठले आणि चपला न घालता बाहेर गेले. गोठ्याकडं जाताना मला त्यांची पाठ दिसली. आक्कांना काही कळलं नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. खरं सांगा. माझ्या हातनं काय चुकलं न्हाय न्हवं?”

सव्वीस वर्षं मी लोकांना तोंडावर खरं सांगत आले. त्याबद्दल माझी ख्याती होती.

“नाही आक्का,” मी म्हटलं, “तुमच्या हातून काही चुकलं नाही.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, बरं झालं, तुमच्या तोंडनं ऐकलं, आता जीवाला घोर न्हाय. आणि चहा निवतोय, घ्या, असं दोनदा म्हणाल्या. मी चहा प्यायले.